तुकडा हलवला

त्याला सगळे काटा म्हणत. तोंडावर ‘दादा’, पाठीमागे ‘काटा’. हे नाव एका व्हायोलिनवाल्याने ठेवलं होतं, पंचवीसेक वर्षांपूर्वी, टेपच्या जमान्यात. वाजवून झाल्यावर हा काचेपलीकडून म्हणाला, “तिसऱ्या ओळीत तुम्ही केसभर आधी आलात.” व्हायोलिनवाला चिडला. टेप पुन्हा लावायला सांगितली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, “हा माणूस नाही, सोनाराच्या तराजूचा काटा आहे.” नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या ते कानावर होतं. आवडतही असावं, कारण त्याने कधी हरकत घेतली नाही.

मी त्या स्टुडिओत शाळेच्या पुस्तकांतले धडे वाचायला जायचो. आठवड्यातून दोन दिवस, पाच वर्षं. पुढे जे सांगतोय त्यातलं थोडं मी पाहिलं, बाकीचं त्याने आणि त्याच्या बायकोने नंतर कधी कधी सांगितलं, एकदम नाही.

स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर तीन खोल्या. एकीत आवाज घ्यायचा, दुसरीत काचेमागे बसून तो टिपायचा, आणि तिसरीत, जिथे दोन खुर्च्या ठेवल्या तर दार उघडत नसे, एक कॉम्प्युटर. भिंतींवरचा स्पंज जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता. जागा मालकीणबाईंना वडिलांकडून मिळालेली. त्यांना सुरातलं काही कळत नसे, पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यातलं सगळं कळे, आणि धंदा त्यावरच चालला होता.

तिसऱ्या खोलीत सकाळी आठ ते दोन टाचणी बसायची आणि तीनपासून काटा. टाचणी हे अर्थातच तिचंही खरं नाव नव्हे. अंगाने काटकुळी, बोलायची कमी, पण बोलली की टोचायचं. या प्रकरणाच्या अकरा वर्षं आधी ती फोन घ्यायला म्हणून तिथे लागली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात शाळेत जाणारी मुलगी. दुपारी काम नसलं की ती काट्याच्या मागे उभी राहून पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा बघायची. एक दिवस त्याने न वळताच विचारलं, “काय दिसतंय?”

“इथे वाचणाऱ्या बाईंनी श्वास घेतलाय,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“रेघ जरा फुगलीय. आणि ऐकूही आला.”

त्याने दुसरी खुर्ची ओढली. दार बंद झालं ते वर्षभर, असं मालकीणबाई गमतीने म्हणत. त्या वर्षात त्याने तिला सगळं शिकवलं. श्वास कापायचा नसतो, बारीक करायचा असतो. कापला तर बोलणारा माणूस मेल्यासारखा वाटतो. दोन आवाज जुळवायचे ते शब्दाच्या सुरुवातीला नाही, शब्द जिथे जोर घेतो तिथे. तिने ते असं उचललं की पुढे आम्ही वाचणारे सकाळची वेळ मागून घेऊ लागलो. “काटा आणि टाचणी एकाच खोलीत,” आमच्यातला एक जाडा वाचक म्हणायचा, “आणि आपला आवाज म्हणजे फुगा.”

कामाची वाटणी सोपी होती. ती सकाळी नको ते कापायची, तुकडे जोडायची, एकावर एक घेतलेले आवाज जुळवायची. तो दुपारी तेच काम उघडून ऐकायचा, कुठला आवाज चढवायचा, कुठला उतरवायचा ते ठरवायचा आणि काम बाहेर पाठवायचा. एकच यंत्र, एकच फाईल, दोन माणसं. भेट व्हायची ती दोन ते तीनच्या मधे, डबा खाताना. दहा वर्षं यात कधी कुरबुर झाली नाही.

पहिली तक्रार आली ती एका संस्थेच्या गीतावरून. आठ बायकांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन गायलेलं, नंतर एकत्र बसवलेलं. संस्थेचे चिटणीस स्वतः जिना चढून आले आणि म्हणाले, “शेवटचा शब्द आमच्या बायका आठ वेळा म्हणतात हो. समारंभात लोक हसले.”

मालकीणबाईंनी काट्याला बोलावलं. त्याने फाईल उघडली, ऐकली. खरंच होतं. तिसरा आवाज थोडा मागे, पाचवा थोडा पुढे, सातवा भलतीकडेच. हा फरक सेकंदाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाचा, पण आठ जणींचा मिळून शब्दाचा पार चुरा झाला होता. आपण तर नुसते आवाज चढवले-उतरवले होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. तो म्हणाला, “सकाळचं काम कच्चं राहिलंय.”

तो खोटं बोलला नाही, हे मला इथेच सांगितलं पाहिजे. त्याला तसंच वाटत होतं. मुळात त्याच्या डोक्यात दुसरी शक्यताच नव्हती.

टाचणीने चिटणीसांची माफी मागितली आणि गीत पुन्हा जुळवलं. पण जाताना काट्याला म्हणाली, “मी सोडलं तेव्हा नीट होतं, दादा.”

“तू सोडलंस आणि ते आपलं आपण हललं?”



दुसरी तक्रार माझ्याच धड्याची. सातवीचा भूगोल. वाक्य होतं, ‘नदी समुद्राला मिळते.’ पुस्तकाबरोबर जे गेलं त्यात होतं, ‘दी समुद्राला मिळते.’ आधीच्या वाक्याचा तुकडा पुढे सरकून ‘न’ गिळून बसला होता. एका शाळेतली पोरं म्हणे दोन दिवस एकमेकांना ‘दी’ म्हणून हाका मारत होती. मला हसू आलं. काट्याला आलं नाही. डबा उघडायच्या आधी त्याने टाचणीला उभं केलं, माझ्यासमोर आणि मालकीणबाईंसमोर.

“लक्ष कुठे असतं तुझं हल्ली?”

“दादा, एकदा यादी बघा ना,” ती हळू आवाजात म्हणाली. “कुणी काय केलं त्याची यादी ठेवतं ते यंत्र. वेळेसकट. मी उघडून देते.”

“मला यादी नको दाखवूस,” तो म्हणाला. “मला कान आहेत.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याच्या हातातल्या डब्याच्या झाकणाकडे बघत होती. झाकण डब्यावर बारीक वाजत होतं. मला वाटलं, रागाने.

तिसऱ्या वेळी औषधाची जाहिरात होती. शेवटची सूचना, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये वगैरे, ती आधीच्या ओळीवर चढली आणि नेमकं ‘शिवाय’ दबलं. जाहिरातवाल्यांनी वकिलाचं नाव काढलं. मालकीणबाईंनी टाचणीला आत बोलावलं. काटा दाराशी उभा होता. बाईंनी त्याला विचारलं, “तुमचं काय म्हणणं?”

“मी काय म्हणणार,” तो म्हणाला. “बघताच आहात.”

तिला काढून टाकलं. महिनाअखेरपर्यंत ये, असं सांगितलं होतं. ती त्याच दिवशी निघाली. खुर्चीवरची तिची उशी, कप, कानाला लावायच्या हेडफोनचे मऊ गादीचे तुकडे, एवढंच तिचं होतं. निघताना ‘येते’ म्हणायचं असतं. ती दारात थांबून म्हणाली, “जाते, दादा.” त्याने मान हलवली. त्या शब्दाकडे त्याचं लक्ष गेलं ते बऱ्याच दिवसांनी.

मग सकाळचं कामही त्याच्याकडेच आलं. आठला यायचं, सातला जायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस या वयात काय राबतोय. छप्पन्न वर्षांचा होता. पण चुका थांबल्या नाहीत. तो पाठवण्याआधी तीन-तीनदा ऐकू लागला, आणि दर वेळी काही ना काही सरकलेलं सापडायचं. एक दुरुस्त करायला जावं तर दुसरं हलायचं. यंत्र जुनं झालंय, असं त्याने मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी तंत्रज्ञ बोलावला. तंत्रज्ञाने धूळ झटकली, पैसे घेतले आणि यंत्र ठणठणीत असल्याचं सांगितलं.

त्यातच त्या आठवड्यात दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा शेवटच्या दहाएक मिनिटांचं काम पुसलं गेलं. मालकीणबाई म्हणाल्या, “ते आपोआप सेव्ह होतं ना? टाचणीने मागे काहीतरी करून ठेवलं होतं.”

“बघतो,” तो म्हणाला.

काट्याला सेटिंगमधे शिरायला आवडत नसे. यंत्राशी कामापुरतं बोलावं, त्याच्या घरात डोकावू नये, असं त्याचं मत. दहा वर्षं तो भाग टाचणीने सांभाळला होता. अक्षरं मोठी तिने केली होती, पांढरी पाटी डोळ्यांवर येते म्हणून करडी तिने केली होती. त्याने कधी विचारलंही नव्हतं की हे कुठून होतं. त्या सकाळी त्याने पहिल्यांदा ‘प्रेफरन्सेस’ उघडलं. डाव्या हाताला लांबलचक यादी, आणि सगळ्यात वर ‘जनरल’. त्याने चष्मा पुसला आणि वरून वाचत सुटला.

दर किती मिनिटांनी सेव्ह करायचं. तिथे तिने दहा ठेवलं होतं, त्याने तीन केलं. मागच्या किती प्रती ठेवायच्या. किती पावलं मागे येता यावं. बंद करताना विचारायचं की नाही. मग एक चौकट होती, ‘केलेल्या बदलांची यादी फाईलसोबत जतन करा’. तिच्यात खूण केलेली होती. त्याने केली नव्हती. तिच्याखालच्या ओळीत एक आकडा होता, दोनशे मिलिसेकंद, आणि तो कशाचा आहे ते बारीक अक्षरात लिहिलं होतं: एखाद्या तुकड्यावर क्लिक केल्यावर तो ओढला जाण्याआधी किती थांबायचं. कमी ठेवल्यास तुकडे चुकून हलू शकतात. हात स्थिर नसल्यास वाढवावा.

हे वाक्य त्याने मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं. धड्यासारखं पाठ झालं होतं त्याला.

त्याने एक रिकामी फाईल उघडली, त्यात आवाजाचा एक तुकडा ठेवला, रेघ पडद्यावर बोटाएवढी होईल इतकी मोठी केली, आणि त्यावर नुसतं क्लिक केलं. तुकडा गव्हाच्या दाण्याएवढा उजवीकडे गेला. त्याने परत आणला, पुन्हा क्लिक केलं. डावीकडे. दहा वेळा करून पाहिलं. सात वेळा हलला. त्याने माऊसवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. हात चांगला स्थिर दिसत होता. पडद्यावरचा बाण मात्र दिव्याजवळच्या चिलटासारखा एका जागी थरथरत होता.

मग त्याने बायकांचं ते गीत उघडलं. पहिल्यांदा जसं बाहेर गेलं होतं, ती जुनी प्रत. यादी शोधायला त्याला अर्धा तास लागला. सकाळचा भाग आधी होता: कापलं, जोडलं, आवाज कमी केला, जुळवलं. सकाळी साडेअकरापर्यंत सगळं स्वच्छ. मग दुपार. तीन चाळीस, तुकडा हलवला. तीन एक्केचाळीस, तुकडा हलवला. तीन एक्केचाळीस, तुकडा हलवला. पान खाली ओढत गेला तरी तेच. मधे कुठे आवाज चढवला, आवाज उतरवला, आणि प्रत्येकाच्या पाठीला तुकडा हलवला. सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत.

त्याने धड्याची फाईल उघडली नाही. जाहिरातीचीही नाही.

‘जनरल’ मधे परत जाऊन त्याने दोनशेच्या जागी हजार केलं. म्हणजे पूर्ण एक सेकंद दाबून धरल्याशिवाय तुकडा हलणार नाही. सगळं बंद केलं, बाहेर येऊन चहा घेतला. मालकीणबाईंनी विचारलं, “झालं का सेव्हचं?”

“झालं.”

आणि तो गप्प राहिला. एक दिवस नाही, चार महिने. यावर मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, “पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती नुसती चूक ठरली असती. दुसऱ्या दिवशी ते पाप झालं. मग पाप रोज थोडं थोडं वाढत गेलं, आणि सांगायला लागणारं धैर्य तेवढंच राहिलं.”

काम सुधारलं. तुकडे हलायचे थांबले. एका दुपारी मालकीणबाई खूश होऊन म्हणाल्या, “बघा, ती गेल्यापासून एक फोन नाही आला.” त्याने “हं” केलं आणि आत जाऊन बसला. त्या दिवशी त्याने काही काम केलं नाही. हेडफोन कानाला होता, त्यात काही वाजत नव्हतं.

घरी त्याच्या बायकोला हे आधीच ठाऊक होतं. गीताचं नव्हे, हाताचं. कप काठोकाठ भरला की बशीत सांडतो, हे तिने ओळखलं होतं, आणि वर्षभर ती त्याला अर्धा कप देऊन मागून अर्धा देत होती. शर्टाची खालची बटणं ती आधीच लावून ठेवायची, म्हणजे त्याला नुसता डोक्यातून घालता यावा. हे तिने बोलून दाखवलं नाही आणि त्याच्याही लक्षात आलं नाही. तो समजत होता, बायको चहात काटकसर करतेय. ज्याच्या कानाला केसभराचा फरक कळायचा त्याला स्वतःच्या घरातलं एवढं ऐकू आलं नव्हतं.

शेवटी तिनेच त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागदावर एक गोल गोल वेटोळं काढायला सांगितलं. त्याने काढलं. वेटोळं करवतीच्या पात्यासारखं आलं.

“हा हातांचा कंप आहे,” त्या म्हणाल्या. “हात काही करायला गेला की वाढतो. हळूहळू अजून वाढेल. गोळीने थोडा फरक पडेल, पण बरा होईल असं मी सांगणार नाही. घाबरू नका, हा जिवावर बेतणारा आजार नाही.”

“पोटावर बेतेल,” काटा म्हणाला.

परत येताना रस्त्यात एका बाकड्यावर बसून त्याने बायकोला टाचणीची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मला कशाला सांगताय? मी थोडंच तिला काढलं होतं?”

“मग काय करू?”

“ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर बसलात इथे.”

टाचणी एका लाँड्रीत काम करत होती. लोकांचे कपडे घ्यायचे, कॉलरला आकड्याची चिठ्ठी टाचायची, पावती द्यायची. नावाला शोभणारं काम मिळालं म्हणून आम्ही वाचणारे हसलोही होतो. आता ते आठवून बरं वाटत नाही. काटा गेला तेव्हा आतल्या यंत्रांमधून वाफ येत होती आणि आवाज एवढा की जवळ जाऊन बोलावं लागे. तिने त्याला पाहिलं, समोरच्या गिऱ्हाइकाला पावती दिली, मग म्हणाली, “बोला दादा. कपडे आहेत?”

“नाही. सांगायचं होतं. ती यादी बघितली मी.”

तिने एक शर्ट उचलला, कॉलर उलटी केली. “कधी?”

“चार महिने झाले.”

शर्ट तिच्या हातात तसाच राहिला. मग तिने चिठ्ठी टाचली आणि तो मागच्या ढिगात टाकला.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“गीताच्या वेळीच. सेटिंगमधे ती खूण मी आधीपासूनच करून ठेवली होती, म्हणून यादी उघडली. म्हटलं, माझंच काही चुकतंय का बघू. घरी जाऊन झोप लागेना.” ती थांबली. “मग कळलं, माझं चुकत नाहीये.”

“मग बाईंना दाखवायचं होतंस.”

“दाखवते तर तुमची नोकरी गेली असती. आणि माझी राहिली असती, ती कुणाच्या जिवावर? ज्याने शिकवलं त्याच्यावरच उलटली, असं सगळे म्हणाले असते. तुम्हाला दाखवायला गेले तर तुम्हाला कान होते.”



“खोटं सांगत नाही,” ती पुढे म्हणाली, “जाताना वाटलं होतं, कळू दे याचं यालाच. कळलं की येईल धावत. पहिला महिना मी रोज वाट बघितली. लाज वाटते सांगायला, पण बघितली.”

“मी बाईंना सांगतो. आजच सांगतो. तू परत ये.”

“ते तुम्ही तुमच्यासाठी सांगा. मला परत तो जिना चढायचा नाही.” मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. “आणि हाताला औषध घ्या,” ती म्हणाली. “डब्याचं झाकण वाजतं तुमचं.”

त्याने मालकीणबाईंना त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “तुम्ही मला एका बाईच्या पोटावर पाय द्यायला लावलात. आणि मी चार महिने तुमची पाठ थोपटतेय.” त्यांनी टाचणीला फोन केला. ती त्यांनाही तेच म्हणाली, पण नीट, मान राखून. संस्थेच्या चिटणिसांना आणि जाहिरातवाल्यांना काट्याने स्वतः फोन करून सांगितलं की चूक त्याची होती. चिटणिसांना नेमकं कुठलं गीत तेही आठवत नव्हतं. जाहिरातवाले म्हणाले, ठीक आहे, पण आमचं काम आता दुसरीकडे असतं.

बाईंनी त्याला काढलं नाही. एक नवा माणूस घेतला, तिशीचा, हाताने चपळ. काट्याने मागच्या खुर्चीत बसून ऐकायचं आणि सांगायचं, असं ठरलं. पहिले काही आठवडे बरं चाललं. तो म्हणे, “पाचव्याला जरा मागे घे,” की नवा माणूस मागे घेई. पण त्या माणसाला ‘जरा’ कळत नसे. त्याला आकडा हवा असायचा. किती मागे, किती मिलिसेकंद? काट्याला आकडा कधी सांगता आला नव्हता. तो हाताने सरकवायचा आणि कान म्हणेल तिथे थांबायचा. आता कान होते, हात नव्हता. नवा माणूस आदराने वागायचा, हे तर अजून अवघड. थोड्या दिवसांनी तो “हो दादा” म्हणून काहीच न हलवता पुढे जाऊ लागला. काट्याला ते ऐकू यायचं. तो बोलायचा नाही. आपण दुसऱ्याला काय काय ऐकवलंय ते त्याला आठवत असावं.

सहा महिन्यांनी तोच बाईंना म्हणाला, “मी आता थांबतो.” बाईंनी आग्रह केला, पण एकदाच.

घरी बसल्यावर त्याने एक काम केलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा स्टुडिओ आहे. तिथला मुख्य माणूस त्याच्या ओळखीचा, टेपच्या दिवसांपासूनचा. त्याला पत्र लिहायला बसला. बायको म्हणाली, मी लिहिते, तुम्ही सांगा. तो नको म्हणाला. फोन करा म्हणाली, तेही नको. “फोनवर तो म्हणेल, जुना माणूस भीड घालतोय. कागदावर माझा हात दिसू दे.” आठ-दहा ओळींचं पत्र, त्याला अख्खी दुपार लागली. अक्षरं अशी की पहिली ओळ लागायलाच वेळ लागावा. त्यात त्याने लिहिलं होतं की अमुक बाई अकरा वर्षं माझ्याबरोबर होत्या, त्यांना ज्या चुकांसाठी काढलं त्या माझ्या होत्या, कशा ते या अक्षरावरून कळेल, आणि जुळवण्याचं काम त्यांच्याइतकं नीट करणारं माणूस मला दुसरं माहीत नाही. पाकिटावरचा पत्ता मात्र बायकोने लिहिला, नाहीतर पोचलं नसतं.

तीन आठवड्यांनी टाचणीला तिकडून बोलावणं आलं. आधी दोन दिवस, मग चार. लाँड्री सुटली. तिने काट्याला फोन केला नाही. पत्र तिला दाखवलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो मुख्य माणूस ते पत्र सगळ्यांनाच दाखवायचा. काट्यानेही विचारपूस केली नाही. बायको म्हणाली होती, एकदा विचारा तरी. तो म्हणाला, “विचारलं तर तिला आभार मानावे लागतील. नको.”

त्यानंतर तीन वर्षं गेली. मी त्याच्याकडे महिन्यातून एकदा जातो. आता तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. बायको घास भरवते. कुणी आलं असलं की तो जेवायचं टाळतो, म्हणून मी जेवणाची वेळ सोडून जातो. गाणं ऐकत नाही. रेडिओ लावला की म्हणतो, बंद कर. कान अजून तसेच आहेत, तेच त्याला सोसत नाही.

मीही आता त्या दुसऱ्या स्टुडिओत वाचायला जातो. मागच्या आठवड्यात काचेपलीकडे टाचणी होती. केस पिकलेत तिचे. वाचन सुरू व्हायच्या आधी तिने बटण दाबून, माझ्या कानातल्या हेडफोनमधून, विचारलं, “दादा कसे आहेत?”

मी म्हणालो, “आहेत.”

“लिहिता येतं अजून?”

“नाही. सहीसुद्धा नाही. बँकेत अंगठा घेतात.”

काचेतून तिचं तोंड दिसत होतं. तिने वळून समोरच्या पडद्यावर फाईल उघडली. मग कानातून तिचा आवाज आला, नेहमीसारखा, कोरडा.

“पान कितवं? खोकून घ्या आधी. नंतर मला कापावं लागतं.”